जुन्या कानांना नवा स्लोडाइव्ह

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो की, स्लोडाइव्ह या इंग्लंडच्या बँडचा २०२३ चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ हा अल्बम मला त्यांच्या गाजलेल्या ‘सुवलाकी’पेक्षा जवळचा वाटतो. त्यावर पत्रं आली. काही प्रेमाची, काही हातात काठी घेऊन. तेव्हा साउंडवाला म्हणून मला आलेले, भजनाला माइक किती लावायचे, जनरेटरचा हम (घूं असा आवाज) कसा घालवायचा, हे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. या वेळी एवढंच.

प्रश्न : दादा, बेळगावात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवरच्या एका सीनियरच्या कॉम्प्युटरवर मला स्लोडाइव्ह सापडला. ‘सुवलाकी’ पाठ आहे. नवा अल्बम वाईट नाही, पण त्यात ती धुंदी नाही. कीबोर्डची टिकटिक वाढली, गिटार मागे गेली. शब्द आधीही कळत नव्हते, आताही कळत नाहीत. तुम्हाला त्यात एवढं काय दिसलं? की आपल्याच वयाचे झालेत म्हणून कौतुक? — एक वाचक, निपाणी

उत्तर : बँडचा नील हॉल्स्टेड नि मी आगेमागे जन्मलेले, हे खरं. पण तेवढ्यावर कौतुक करायचं तर माझ्या पिढीचे निम्मे बँड डोक्यावर घ्यावे लागतील. ते मी घेतलेले नाहीत.

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या पश्चिमेला रेडिंग म्हणून गाव आहे, तिथं १९८९ साली ही मंडळी जमली. हॉल्स्टेड आणि रेचल गॉसवेल हे लहानपणापासूनचे दोस्त. दोघंही गातात, दोघंही गिटार घेतात. १९९१ चा ‘जस्ट फॉर अ डे’, १९९३ चा ‘सुवलाकी’, १९९५ चा ‘पिग्मॅलियन’ असे तीन अल्बम काढले. गिटारवर इतका इको (परत येणारा सूर) आणि रिव्हर्ब (पडसादांची शेपटी) की तार कुठली छेडली, कधी छेडली, पत्ता लागू नये. असे बँड तिकडे बरेच होते. मान खाली घालून पायातले पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी यंत्रं, बघत वाजवायचे म्हणून त्यांना शूगेझ (बुटांकडं टक लावणारे) नाव पडलं, तेही चेष्टेनंच. संगीताच्या साप्ताहिकांनी स्लोडाइव्हला तर धुऊन काढलं. ‘पिग्मॅलियन’ बाजारात आला नि लगोलग क्रिएशन रेकॉर्ड्स या त्यांच्या कंपनीनं त्यांना मोकळं केलं. बँड मोडला. २०१४ ला परत जमले, २०१७ ला बँडच्याच नावाचा अल्बम आला, आणि १ सप्टेंबर २०२३ ला हा. त्यांना सर्वांत जास्त झोडपणाऱ्यांतलं ‘मेलडी मेकर’ हे साप्ताहिक २००० सालीच ‘एनएमई’ या दुसऱ्या साप्ताहिकात जिरलं. स्लोडाइव्ह अजून दौरे करतोय. मला अशा गोष्टींचा थोडा आनंद होतो, लपवत नाही.

आता तुमचा मुद्दा. धुंदी कमी झाली म्हणता. झालीच आहे, आणि मला तेच आवडलंय.

मी बेळगावच्या वडगावात वाढलो, यंत्रमागांच्या गल्लीत. आमच्या पुढच्या सोप्यात माग चालायचे. त्या खडखडाटात आई आतून काही सांगायची ते ओरडून नव्हे. ओरडलं की आवाज मागाच्या आवाजात मिसळतो नि वाया जातो. ती सूर जरा खाली घ्यायची, दोन ठोक्यांच्या मधली फट बघून शब्द टाकायची, आणि आम्हाला नीट ऐकू यायचं. त्यामुळं गोव्यात हॉटेलात कामाला असलेल्या मावसभावानं पाहुण्यांनी टाकून दिलेल्या कॅसेटींतून ‘सुवलाकी’ आणून दिला, तेव्हा मला तो आवाज परका वाटला नाही. मागाच्या खोलीत कुणीतरी गातंय, एवढंच. आईनं मात्र विचारलं होतं, “हे कोण रडूलंय रे? नि पाऊस कुठं पडूलाय एवढा?”

‘सुवलाकी’त सगळे माग चालू आहेत. आणि मी मागावरचा पोर असल्यानं त्यातही फट शोधून ऐकत आलो. ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’मध्ये त्यांनी काही माग स्वतःच बंद केलेत.

‘शांटी’ हे पहिलं गाणं घ्या. सुरुवातीला नुसता सिंथ, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र. त्याच चार-दोन सुरांची फिरती साखळी, जिला तुम्ही टिकटिक म्हणता ती. मग गिटार येते, ढोल येतो, आणि चांगला वेळ गेल्यावर माणसाचा आवाज. तरुणपणी हीच मंडळी पहिल्याच ठोक्याला सगळं अंगावर ओतायची. इथं एकेक फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज वाढवायची पट्टी, हळूहळू वर चाललाय, हे माझ्यासारख्या मिक्सरवर बसणाऱ्याला डोळे मिटून दिसतं. ही सिंथची भानगड आली कुठून? हॉल्स्टेडनं घरी बसून मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या, सिंथवर कच्ची गाणी करायला घेतली होती, हा अल्बम त्यातून निघाला. तो आधी अगदी बारीक, इलेक्ट्रॉनिक वळणाचा होणार होता. मग बाकीच्या चौघांनी त्यात गिटार, बेस नि ढोल घातले. म्हणजे गिटार मागे गेलेली नाही. ती पाहुणी म्हणून नंतर आलीय, नि पाहुण्यासारखी बेतानं बसलीय.

रेकॉर्डिंग २०२० च्या एप्रिलमध्ये व्हायचं होतं. ते लॉकडाऊनमध्ये अडकलं, नि त्याच साली पावसाळा सरल्यावर ऑक्सफर्डशरच्या कोर्टयार्ड स्टुडिओत सुरू झालं. हा त्यांचा जुनाच स्टुडिओ. पुढं आठांतल्या सहा गाण्यांचं मिक्सिंग शॉन एव्हरेटनं केलं. त्या २०२० मध्येच रेचलची आई गेली आणि ढोलवाल्या सायमन स्कॉटचे वडील गेले. अल्बम त्या दोघांना वाहिलेला आहे. हे कळल्यावर कुणी रडारड शोधायला बसेल तर ती सापडायची नाही. ‘किसेस’ तर इतकं हलकं गाणं आहे की जांबोटीच्या रस्त्यानं गाडी चालवताना बोटं स्टीअरिंगवर नाचतात.

दुसरं गाणं ‘प्रेयर रिमेम्बर्ड’. त्यात शब्दच नाहीत. हे माझं कामाचं गाणं आहे. अल्बम आला तेव्हा गणपती अडीच आठवड्यांवर होते, गल्लोगल्ली मंडप उभे राहत होते. सिस्टीम तपासताना मी हल्ली हेच लावतो. खाली सतत एक जाड सूर असतो, अर्थिंगमध्ये काही गडबड असली की हम त्याच्या आड दडत नाही, लगेच वेगळा पडतो. वर गिटारचा एकेक सूर लांब सोडलेला आहे, तो डाव्या-उजव्या टॉपमधून (वरच्या स्पीकरांतून) सारखा येतोय का ते कळतं. ढोल इतका संथ की प्रत्येक ठोक्यानंतर गल्लीच्या भिंतींवरून किती परत येतं ते मोजता यावं. खासबागेत एका मंडळाच्या पोरानं विचारलं, “काका, कोण गेलंय काय?” म्हटलं, कोणी नाही बाबा, स्पीकरमधला ट्वीटर जिवंत आहे का बघतोय. त्यावर तो शेवटपर्यंत उभा राहून ऐकत बसला, आणि मग आपलं ‘दणका’ गाणं लावायला पेन ड्राइव्ह पुढं केला. दोन्ही बरोबरच.

आणि ‘अँडालुसिया प्लेज’. पूर्ण गाणं जवळपास श्वासाच्या पातळीवर आहे. खाली ऑर्गनसारखा एक सूर पसरलेला, ढोल जवळजवळ नाहीच, आणि हॉल्स्टेडचा आवाज तोंडाजवळ माइक धरून, कुणाला झोपेतून उठवायचं नाही असा. जुन्या एका सोबतीची आठवण आहे. ‘सुवलाकी’तही आठवणच होती. रेचलशी त्याचं प्रेम तुटलं त्या दिवसांत तो वेल्समधल्या एका घरात जाऊन राहिला होता, तिथं त्यातली काही गाणी झाली. पण तेव्हा वेदना झाकायला त्यानं आवाजाचा डोंगर उभा केला. फक्त शेवटच्या ‘डॅगर’मध्ये साधी गिटार घेऊन तो उघडा बसला होता. मला ‘सुवलाकी’त सर्वांत जास्त तेच आवडायचं. नव्या अल्बमचं मूळ मला त्या ‘डॅगर’मध्ये दिसतं. तुम्ही ‘डॅगर’ आला की कॅसेट उलटत असाल, तर आपलं जमायचं नाही.

जुनं चांगलं होतं, आता तसं नाही, ही तक्रार आपल्या मातीत नवी नाही. सुळेभावीला १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र पुढं कुमार गंधर्व झाला. लहानपणी थोरामोठ्यांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन त्यानं सभा जिंकल्या. मग क्षय झाला, देवासला पाच-एक वर्षं अंथरुणात गेली, गाणं बंद. उठल्यावर गायले ते वेगळंच. लांब दमसासाची तान गेली, आखूड फेकीचे तुकडे आले, मधे मोकळ्या जागा आल्या, माळव्याची लोकगीतं आली. नाकं मुरडणारे होतेच. आज निर्गुणी भजनं ऐकताना त्या मोकळ्या जागा काढून टाका बघू, काय उरतं. स्लोडाइव्हला मी कुमारांच्या पंक्तीत बसवत नाही, उगाच पत्रं नकोत. पण थांबलेल्या माणसानं परत सुरुवात केली की तो पूर्वीचंच गाणं गाईल, ही अपेक्षा मला समजत नाही.

शब्दांचं म्हणाल तर सौंदत्तीच्या यल्लम्माला चौंडक्यावरची कन्नड गाणी आपण लहानपणापासून ऐकतोय. आमच्या घरात किती जणांना त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं? उदं गं आई म्हणायला कोण अडलं?

खोट काढायचीच तर माझ्याकडेही आहे. ‘स्किन इन द गेम’ माझ्या कानाला अजून अर्धं वाटतं, कुठं जायचं ते ठरवायच्या आत संपल्यासारखं. आणि रेचलला आणखी पुढं आणायला हवं होतं. ‘अलाइफ’मध्ये ती नि हॉल्स्टेड एकमेकांना घासून गातात, तिथं किती जान आहे बघा. बाकी ठिकाणी तिला धुक्यात का ठेवलंय ते एव्हरेटलाच ठाऊक. शेवटच्या ‘द स्लॅब’मध्ये तुमची ती जुनी धुंदी आहे, भिंतच्या भिंत. तुम्ही तिथून उलटं ऐकायला घेतलंत तर कदाचित भांडण मिटेल.

प्रश्न : भाऊ, माझी मुलगी बारावीला आहे. दिवसभर कानात ते घालून याच लोकांची गाणी, त्यातल्या त्यात ‘व्हेन द सन हिट्स’ म्हणून एक आहे ते. मी एकदा ऐकलं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर तसाही बाहेर अंधार नि पाऊस असतो, त्यात घरात हे. तिला काही दुःख असेल काय? — एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, ती एकटी नाही. हे गाणं १९९३ चं, म्हणजे तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून जगभरच्या पोरांनी ते उकरून काढलं. स्लोडाइव्हच्या कार्यक्रमात आता पुढच्या रांगेत तिच्याच वयाची मुलं असतात, नि मागे भिंतीला टेकून माझ्यासारखे. नवा अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या दहात गेला, त्यांचा पहिलाच. तो या पोरांच्या जोरावर, असं मला वाटतं. माझ्या पिढीनं तर त्यांच्या कॅसेटी एकमेकांच्या भरून घेतल्या, विकत कुणी घेतल्या.

गाणं संथ नि गार आहे म्हणून ऐकणारा दुःखी असतो असं नाही. ती जेवते, झोपते, मैत्रिणींत जाते, तुमच्याशी भांडते ना? मग ठीक आहे. यातलं काही थांबलं असेल तर ते गाण्यावर ढकलू नका, सरळ तिला जवळ घेऊन विचारा. एरवी संध्याकाळी चहाला बसल्यावर म्हणावं, मलाही ऐकव की. फक्त हेडफोनचा आवाज बघा. ८५ डेसिबलला कान रोज आठ तास तग धरतात असा हिशेब आहे, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. दारावरची बेल तिला ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे, एवढं सोपं माप पुरे.

प्रश्न : काका, आमचा कॉलेजचा बँड आहे, दोन गिटार, बेस, ड्रम. स्लोडाइव्हसारखा आवाज काढायचाय पण आमचा नुसता चिखल होतो. कुठले पेडल घ्यावेत? बजेट फार नाही. — एक विद्यार्थी, टिळकवाडी

उत्तर : आधी पेडल घेऊ नकोस. चिखल पेडलमुळं होत नाही, दोन्ही गिटार एकाच जागी एकच कॉर्ड पकडून बडवतात म्हणून होतो. एकानं खाली पकडावं, दुसऱ्यानं वरच्या फ्रेटवर दोन-तीन तारांचा तुकडा घ्यावा. बेसच्या जागेत कुणी घुसू नये. हे झालं की निम्मं काम फुकटात झालं.

आता यंत्रं. इको आणि रिव्हर्ब यांत गोंधळ करू नका. इकोत सूर मोजक्या वेळानं परत येतो, वेगळा ऐकू येतो. रिव्हर्बमध्ये हजार बारीक पडसाद एकमेकांत मिसळून शेपटी होते. लांब मंडपात आम्ही हेच उलटं वापरतो. स्टेजपासून ३४ मीटरवर स्पीकरची दुसरी जोडी लावली तर तिला ०.१ सेकंद उशीर द्यावा लागतो, कारण हवेतून आवाज तेवढ्याच वेळात तिथं पोचतो. नाही दिला तर मागच्या लोकांना वक्ता दोनदा बोलतोय असं वाटतं. गिटारवर तो दोनदा बोललेलाच तर हवा असतो. तालाच्या मापात बसव. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. डिले, म्हणजे हा इको, त्यावर किंवा त्याच्या पाऊण भागावर लाव. तालात बसलेला डिले जागा खात नाही.

क्रम साधारण असा असतो : आधी डिस्टॉर्शन (सूर भरडणारं), मग डिले, शेवटी रिव्हर्ब. असं केलंस तर सूर स्पष्ट राहून मागे धूर राहतो. रिव्हर्ब आधी नि डिस्टॉर्शन नंतर ठेवलंस तर धूरच फाटून पुढं येतो. तेही सुंदर लागतं, पण तिथं एका वेळी दोन सुरांपेक्षा जास्त वाजवायचे नाहीत. ‘सुवलाकी’च्या काळात स्लोडाइव्हकडं यामाहाचं एफएक्स५०० म्हणून रॅकमध्ये बसणारं यंत्र होतं, त्यातला ‘सॉफ्ट फोकस’ हा तयार आवाज त्यांचा शिक्का होऊन बसला. ते जुनं यंत्र शोधत फिरू नकोस, लोक आता त्याला सोन्याचा भाव सांगतात. एक बरा डिले, एक बरा रिव्हर्ब, दोन्ही सेकंडहँड, पुरे. अ‍ॅम्प मात्र साफ वाजणारा हवा. अ‍ॅम्पच भरडत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

आणि ड्रमरला सांग, सायमन स्कॉट काय वाजवत नाही ते ऐक.

प्रश्न : इंग्लंडच्या कुठल्या बँडवर पानं भरण्यापेक्षा आपल्या भागातल्या भजनी मंडळांवर, सोंगी भजनावर लिहिलं तर बरं. सीमाभागात मराठीची स्थिती तुम्हाला ठाऊक आहे. — एक ज्येष्ठ वाचक, शहापूर

उत्तर : अण्णा, लिहितो. माझ्या घरची चूल भजनी मंडळांच्या नि हरिनाम सप्ताहांच्या माइकवर पेटते, विसरलेलो नाही. पण विठ्ठलाचं भजन साउंड करून घरी आल्यावर रात्री बारा वाजता मी काय ऐकायचं, ते तुम्हीच सांगा. स्लोडाइव्ह ऐकून माझं मराठी पातळ झालं असतं तर तुम्हाला या सदरात ते दिसलं असतं.

प्रश्न : मी या बँडचं काहीच ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू? — एक वाचक, चंदगड

उत्तर : ‘किसेस’. आवडलं तर ‘अलाइफ’, मग जुन्यातलं ‘अ‍ॅलिसन’. तिथपर्यंत टिकलात तर ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ सलग लावा, आठ गाणी, चाळीसेक मिनिटं. ‘पिग्मॅलियन’ एवढ्यात नको. फोनच्या स्पीकरवर तर काहीच नको, खालचा सगळा सूर त्यात गळून जातो नि मग तुम्ही मला लिहाल की यात आहे काय. चांगले वायरचे इअरफोन घ्या, किंवा गाडीत ऐका.